तारखांचं स्थलांतर

एप्रिल उजाडला की हिशेबाचं काम करणाऱ्या जवळपास प्रत्येक कार्यालयात एक एक्सेल शीट तयार होते. नव्या आर्थिक वर्षात कोणता कर कधी भरायचा, कोणतं रिटर्न कोणत्या तारखेच्या आत जायला हवं, कोणत्या क्लायंटचं काम कोणाकडे, हे सगळं तिच्यात ओळीनं मांडलेलं असतं. शीट नेटकी असते, रंगवलेली असते, व्हॉट्सॲपवर सगळ्यांना पाठवलेली असते. उणीव एकच, ती आपणहून बोलत नाही. तिला उघडून पाहावं लागतं आणि नेमकं गडबडीच्या आठवड्यात तिला उघडायला कोणाला सवड नसते. खिशातल्या फोनमधलं कॅलेंडर मात्र वेळ झाली की वाजतं. म्हणून शीटमधल्या तारखा कॅलेंडरमध्ये टाकाव्यात असं कोणालाही वाटतं, आणि ते योग्यच आहे. घोटाळा होतो तो त्यापुढे. 'जरा इम्पोर्ट करून टाक' असं म्हणून हे काम सीएच्या हाताखाली शिकणाऱ्या एखाद्या आर्टिकलकडे किंवा नव्या क्लार्ककडे सरकवलं जातं, कारण ते निव्वळ नकलेचं काम आहे अशी सगळ्यांची समजूत असते. प्रत्यक्षात शीटमधली ओळ ही माहिती असते, तर कॅलेंडरमधली नोंद ही जबाबदारी असते : अमुक दिवशी, अमुक माणसानं, अमुक करायचं. माहितीची जबाबदारी होताना काही निर्णय माणसानं घ्यायचे असतात. ते त्यानं घेतले नाहीत तर यंत्र आपल्या मतानं घेतं आणि घेतल्याचं कोणाला सांगतही नाही.

ही दोन साधनं मुळातच वेगवेगळ्या गरजांतून आली. संगणकावरची पहिली लोकप्रिय स्प्रेडशीट म्हणजे १९७९ साली ॲपल टू संगणकासाठी आलेलं व्हिजिकॅल्क. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी ते बनवलं, ते आकडेमोडीसाठी. एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सगळे आकडे आपोआप बदलावेत, हा त्याचा हेतू. पुढे लोटस आलं, एक्सेल आलं. पण सेलचा स्वभाव तोच राहिला. सेलमध्ये काहीही लिहिता येतं. '७ जूनच्या आत', 'जूनचा दुसरा आठवडा', 'साहेबांना विचारून' असलं काहीही तिथे खपतं, कारण वाचणारा माणूस असतो आणि माणूस संदर्भानं समजून घेतो. डिजिटल कॅलेंडरला ही मुभा नाही. गुगल, ॲपल आणि आउटलुक या तिन्ही कॅलेंडरांना समजणारी आयकॅलेंडर नावाची सामाईक मांडणी १९९८ मध्ये ठरली आणि २००९ मध्ये सुधारली गेली. तिच्यात प्रत्येक नोंदीला सुरुवात लागते आणि एक असा ओळख क्रमांक लागतो, जो दुसऱ्या कोणत्याही नोंदीला नसेल. म्हणजे शीट ज्या संदिग्धतेला सहज सामावून घेते, ती कॅलेंडरच्या दारातच संपवावी लागते. ती कोणी संपवायची, हाच खरा प्रश्न आहे.

संदिग्धता पहिल्यांदा दगा देते ती तारखेतच. एक्सेलच्या पोटात तारीख ही तारीख नसतेच. तो एक आकडा असतो. १ जानेवारी १९०० हा दिवस क्रमांक १ धरून तिथून पुढे प्रत्येक दिवसाला एकेक क्रमांक मिळतो. ७ जून २०२५ हा दिवस एक्सेलच्या लेखी ४५८१५ आहे. वेळ म्हणजे दिवसाचा अपूर्णांक : दुपारचे बारा म्हणजे ०.५, सकाळचे सहा म्हणजे ०.२५. आपल्याला पडद्यावर दिसतं ते या आकड्याला चढवलेलं रूप. या मोजणीत एक जुनी चूकही जपून ठेवलेली आहे. १९०० हे लीप वर्ष नव्हतं, पण लोटसनं ते लीप मानलं होतं, आणि लोटसच्या फाइली एक्सेलमध्ये बिनबोभाट उघडाव्यात म्हणून एक्सेलनंही तेच मान्य केलं. त्यामुळे २९ फेब्रुवारी १९०० हा कधीच न उगवलेला दिवस एक्सेलमध्ये आजही ६० व्या क्रमांकावर आहे. जुन्या मॅकिंटॉशवरच्या एक्सेलनं मोजणी १९०४ पासून सुरू केली होती. त्या पद्धतीच्या शीटमधल्या तारखा साध्या शीटमध्ये चिकटवल्या तर त्या १४६२ दिवसांनी, म्हणजे चार वर्षं आणि एका दिवसानं, मागे सरकू शकतात. रोजच्या कामात असे प्रसंग क्वचित येतात. पण त्यांतून एक गोष्ट स्पष्ट होते : डोळ्यांना दिसणारी तारीख आणि यंत्रानं धरलेली तारीख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पुढे कॅलेंडरकडे जाते ती डोळ्यांना दिसलेलीच असेल याची खात्री कोणी देत नाही.

रोजच्या कामातला सापळा याहून साधा आहे. आपण दिवस आधी लिहितो, महिना नंतर. अमेरिकेत महिना आधी, दिवस नंतर. ०७/०६/२०२५ ही आपली ७ जून; पण संगणकाची रीजन सेटिंग अमेरिकन राहिली असेल तर एक्सेल तिला ६ जुलै समजतं. २०/०६/२०२५ चं मात्र ते काहीच करू शकत नाही, कारण विसावा महिना नसतो. म्हणून ते तिला तारीख न मानता नुसता मजकूर म्हणून ठेवतं. आता दरमहा रिटर्न भरणाऱ्या एका मध्यम व्यवसायाचं वर्ष घेऊ. कापलेला टीडीएस पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरायचा, फक्त मार्चचा ३० एप्रिलपर्यंत. जीएसटीआर-१ दर महिन्याच्या ११ तारखेला, प्रॉव्हिडंट फंड १५ तारखेला, जीएसटीआर-३बी २० तारखेला. आगाऊ कराचे चार हप्ते १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च. टीडीएसची तिमाही विवरणं ३१ जुलै, ३१ ऑक्टोबर, ३१ जानेवारी आणि ३१ मे. एकूण ५६ तारखा झाल्या. अशी फाइल अमेरिकन सेटिंगच्या संगणकावर उघडली तर ३३ तारखांचा मजकूर होतो, कारण त्यांतला दिवस बारापेक्षा मोठा आहे. ७ जुलै आणि ११ नोव्हेंबर या दोन उलट वाचूनही बरोबर राहतात. उरलेल्या २१ तारखा गुपचूप बदलतात. ७ जूनचा टीडीएस ६ जुलैला जातो. २०२५ साली तो रविवार होता आणि त्याच दिवशी आषाढी एकादशी होती. ११ जूनचं रिटर्न तर थेट ६ नोव्हेंबरला जाऊन बसतं.

यातली खरी मेख पुढेच आहे. मजकूर झालेल्या ३३ तारखा नजरेत भरतात. त्या सेलमध्ये डावीकडे चिकटतात, तर खऱ्या तारखा उजवीकडे. इम्पोर्ट करताना अडतात त्याही त्याच. काम करणारा माणूस मग त्या ३३ हातानं दुरुस्त करतो आणि न अडलेल्या २३ बरोबर असणार असं गृहीत धरतो. त्या २३ पैकी २१ चुकीच्या असतात. यंत्र जिथे अडतं तिथे नुकसान होत नाही. जिथे विनातक्रार पुढे जातं तिथे होतं. आणि हे नुकसान कागदावर राहत नाही. कापलेला टीडीएस वेळेत भरला नाही तर दरमहा दीड टक्का व्याज लागतं, आणि महिन्याचा काही भाग उलटला तरी पूर्ण महिना धरला जातो. जीएसटीआर-३बीला उशीर झाला तर दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क, व्यवहार शून्य असले तर २० रुपये. फोन वाजला नाही म्हणून उशीर झाला, हे कारण कोणतंही खातं ऐकून घेत नाही.

ही भीती वाढवून सांगितलेली आहे असं वाटत असेल तर जगभरातले अनुभव पाहावेत. जनुकांच्या अभ्यासात काही जनुकांची नावं इंग्रजीत सप्टेंबर किंवा मार्च या महिन्यांच्या नावांसारखी होती. एक्सेलमध्ये ती टाइप केली की एक्सेल त्यांच्या तारखा करून टाकायचं. २०१६ मध्ये 'जीनोम बायॉलॉजी' या नियतकालिकात मार्क झीमन आणि सहकाऱ्यांनी असं दाखवलं की, ज्या शोधनिबंधांसोबत एक्सेलमधल्या जनुकांच्या याद्या जोडलेल्या होत्या, त्यांपैकी सुमारे एक पंचमांश निबंधांत अशा चुका होत्या. लिहिणारे शास्त्रज्ञ, तपासणारेही शास्त्रज्ञ, तरी चूक दिसली नाही. अखेर २०२० मध्ये जनुकांना नावं देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीनं त्या जनुकांचीच नावं बदलली. सॉफ्टवेअर बदलायला आणखी वेळ लागला. हा आपोआप होणारा बदल बंद करण्याची सोय मायक्रोसॉफ्टनं २०२३ मध्ये दिली. दुसरं उदाहरण इंग्लंडचं. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२० मध्ये तिथल्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेच्या रोजच्या आकडेवारीतून कोविडचे १५,८४१ रुग्ण गळाले. प्रयोगशाळांकडून आलेल्या फाइली एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या शीटमध्ये भरल्या जात होत्या, आणि त्या प्रकारात ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत. जागा संपली, पुढच्या ओळी पडल्या, आणि त्या रुग्णांच्या संपर्कातल्या लोकांना शोधण्याचं काम लांबलं. दोन्ही प्रसंगांत मूळ माहिती बरोबर होती. ती एका साधनातून दुसऱ्या साधनात जाताना बिघडली, आणि बिघडताना आवाज झाला नाही.

तारखेखेरीज शीटमधलं आणखी बरंच काही वाटेत गळतं. शीट आणि कॅलेंडर यांच्यामधला नेहमीचा वाहक म्हणजे सीएसव्ही फाइल. ती म्हणजे निव्वळ मजकूर, कॉलम वेगळे दाखवायला मध्ये स्वल्पविराम. तिच्यात रंग जात नाहीत. लाल ओळ म्हणजे काम बाकी आणि हिरवी म्हणजे झालं, अशी खूण ठरवली असेल तर ती शीटमध्येच राहते. सेलवर लिहिलेल्या टिपा जात नाहीत. एका फाइलमध्ये बारा महिन्यांच्या बारा शीट असतील तर त्या क्षणी उघडी असलेली एकच जाते. 'जून' असा एकच मोठा सेल पाच ओळींवर पसरवला असेल तर त्यातल्या चार ओळींना महिनाच उरत नाही. मराठीत लिहिणाऱ्यांना आणखी एक अडचण येते. एक्सेलमधून साध्या सीएसव्ही प्रकारात फाइल सेव्ह केली तर देवनागरी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं येऊ शकतात; त्यासाठी सेव्ह करतानाच यूटीएफ-८ असलेला सीएसव्ही प्रकार निवडावा लागतो. आणि मजकूर युनिकोडमध्ये नसून श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला असेल तर कोणताही प्रकार निवडून उपयोग नाही. ती अक्षरं मुळात रोमन चिन्हंच असतात, फाँट फक्त त्यांना मराठी चेहरा देतो. कॅलेंडरमध्ये तो फाँट नसल्यानं मूळची निरर्थक चिन्हं उघडी पडतात. थोडक्यात, जो अर्थ रंगात, मांडणीत किंवा फाँटमध्ये लपलेला आहे तो आधी शब्दांत आणि स्वतंत्र कॉलममध्ये आणायला हवा. हे काम शीटमध्येच करायचं असतं. फाइल पाठवून झाल्यावर त्याला उशीर झालेला असतो.

गुगल कॅलेंडरचे या बाबतीतले नियम थोडेच आहेत, पण काटेकोर आहेत. फाइलच्या पहिल्या ओळीत मथळे हवेत, तेही इंग्रजीत आणि ठरलेल्या शब्दांत : विषयासाठी सब्जेक्ट, सुरुवातीसाठी स्टार्ट डेट आणि स्टार्ट टाइम, शेवटासाठी एंड डेट आणि एंड टाइम, दिवसभराच्या नोंदीसाठी ऑल डे इव्हेंट, शिवाय डिस्क्रिप्शन, लोकेशन आणि प्रायव्हेट. विषय आणि सुरुवातीची तारीख या दोन तर हव्याच. गुगलनं दिलेल्या नमुन्यात तारीख महिना-दिवस-वर्ष या क्रमानं आहे. त्यामुळे मूळ शीटमध्ये तारीख वर्ष-महिना-दिवस या निःसंदिग्ध क्रमानं ठेवावी आणि इम्पोर्टसाठीचा कॉलम टेक्स्ट फंक्शन वापरून तिच्यावरून वेगळा काढावा, हे उत्तम. वर्ष आधी लिहिण्याचा हा क्रम १९८८ पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे, आणि त्यात दिवस-महिन्याची अदलाबदल होण्याला जागा नाही. इम्पोर्टची सोय संगणकाच्या ब्राउझरमध्ये आहे, फोनच्या ॲपमध्ये नाही. फाइल आपल्या मुख्य कॅलेंडरमध्ये ओतू नये. आधी एक नवं, रिकामं कॅलेंडर तयार करावं आणि त्यातच ती आणावी. काही बिघडलं तर ते अख्खं कॅलेंडर काढून टाकता येतं. मुख्य कॅलेंडरमध्ये मिसळलेल्या ५६ नोंदी एकेक करून वेचणं ही शिक्षा आहे. आणखी एक गोष्ट हमखास राहून जाते. वर दिलेल्या मथळ्यांत रिमाइंडरचा मथळा नाही. नोंद किती दिवस आधी वाजायची हे त्या कॅलेंडरच्या सेटिंगमध्ये ठरवावं लागतं, आणि दिवसभराच्या नोंदींसाठी ती सेटिंग वेगळी असते. ती न करता इम्पोर्ट केलं तर नोंदी दिसतात, पण वेळेवर वाजतीलच असं नाही. आणि वाजण्यासाठीच तर हा सगळा खटाटोप केलेला असतो.

मात्र सगळ्याच ओळी न्यायच्या का, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे. एखाद्या कार्यालयाकडे वरच्या व्यवसायासारखे वीस क्लायंट असतील तर शीटमध्ये ५६ गुणिले २०, म्हणजे ११२० ओळी होतात. त्या जशाच्या तशा कॅलेंडरमध्ये गेल्या तर दर महिन्याच्या ११ तारखेला वीस नोंदी एकावर एक येतील, फोन वीसदा वाजेल, आणि दुसऱ्या महिन्यात लोक नोटिफिकेशन बंद करून टाकतील. कायद्याची तारीख सगळ्या क्लायंटना एकच आहे. कॅलेंडरला ५६ नोंदी पुरतात. कोणाचं झालं आणि कोणाचं राहिलं याची यादी शीटमध्येच शोभते. उलट शीटमध्ये नसलेली एक गोष्ट कॅलेंडरमध्ये लागते. शीट सांगते ती शेवटची तारीख. पण २० तारखेचं रिटर्न २० तारखेला हातात घेऊन भागत नाही. बिलं मागवायला, ताळमेळ घालायला आधीचा आठवडा हवा. म्हणून कॅलेंडरमध्ये दोन नोंदी हव्यात, एक काम सुरू करण्याची आणि एक शेवटची. म्हणजे स्थलांतरात काही ओळी गळाल्या पाहिजेत आणि काही नव्यानं जन्मल्या पाहिजेत. जशीच्या तशी उतरवणं हेच प्रामाणिकपणाचं लक्षण मानणाऱ्याच्या हातून नेमकं निरुपयोगी कॅलेंडर तयार होतं.

कॅलेंडरला 'दर महिन्याच्या ७ तारखेला' असा नियमही देता येतो. मग बारा ओळींऐवजी एक नोंद पुरते. मोह होतो, पण सावध राहायला हवं. सीएसव्ही फाइलमधून असा नियम गुगल कॅलेंडरकडे पाठवता येत नाही, आणि हातानं दिला तरी अपवाद त्याला मोडतो. मार्चच्या टीडीएसची ३० एप्रिल ही तारीख त्या नियमात बसत नाही. आपल्या सणांच्या बाबतीत तर नियमाचा मार्गच खुंटतो. गणेश चतुर्थी २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला आणि २०२६ मध्ये, अधिक ज्येष्ठ आल्यानं, १४ सप्टेंबरला. इंग्रजी महिन्यांवर बेतलेला कोणताही पुनरावृत्तीचा नियम हे सांगू शकत नाही. इतर पंचांगांच्या पुनरावृत्तीसाठी आयकॅलेंडरला २०१५ मध्ये एक जोड दिली गेली, पण रोजच्या वापरातल्या कॅलेंडर ॲपमधून आपल्या तिथीनुसार नोंद पुन्हा पुन्हा येईल अशी सोय मिळत नाही. म्हणून एखाद्या मंडळाला, देवस्थानाला किंवा घराला वर्षभराच्या संकष्टी, एकादशी, श्राद्धतिथी फोनमध्ये हव्या असतील तर पंचांग पाहून शीटमध्ये एकेक तारीख लिहिणं आणि ती फाइल इम्पोर्ट करणं हाच सरळ मार्ग आहे. संकष्टीच्या चंद्रोदयाची वेळ प्रत्येक गावाची वेगळी असते. मुंबई आणि नागपूर यांच्या रेखांशांतल्या अंतरामुळेच सुमारे पंचवीस मिनिटांचा फरक पडतो. तेव्हा वेळ कोणत्या गावची, हाही एक कॉलम झाला.

वेळेचा प्रश्न देशाबाहेर गेल्यावर आणखी टोकदार होतो. पुण्यातून न्यू जर्सीतल्या मुलांसाठी संध्याकाळी सातला मराठीचा ऑनलाइन वर्ग असेल तर तिकडे उन्हाळ्यात तो सकाळी साडेनऊला आणि हिवाळ्यात साडेआठला सुरू होतो, कारण अमेरिकेत घड्याळं वर्षातून दोनदा सरकवली जातात आणि भारतात सरकवली जात नाहीत. गुगलच्या सीएसव्ही मथळ्यांत कोणत्या देशाची वेळ हे लिहायला जागाच नाही. भारतीय वेळेनं भरलेली फाइल तिकडच्या पालकानं आपल्या खात्यात आणली तर संध्याकाळचे सात न्यू जर्सीचे होऊन बसतात. उपाय असा की, वेळापत्रक भारतीय वेळेवर ठेवलेल्या एका कॅलेंडरमध्ये एकदाच आणावं आणि ते सगळ्यांना शेअर करावं. मग प्रत्येकाचा फोन आपल्या गावची वेळ स्वतः काढतो. निर्णय पुन्हा माणसाचाच : ही वेळ कोणाची?

तारखा बदलतात, ही सगळ्यांत मोठी अडचण. २०२५ मध्ये बहुसंख्य पगारदारांना लागू असलेली प्राप्तिकर विवरणपत्राची ३१ जुलै ही मुदत आधी १५ सप्टेंबरपर्यंत आणि मग आणखी एका दिवसानं, १६ सप्टेंबरपर्यंत वाढली. एप्रिलमध्ये इम्पोर्ट केलेल्या कॅलेंडरला यातलं काही कळत नाही. इम्पोर्ट म्हणजे त्या क्षणीची प्रत. नंतर शीट बदलली तरी प्रत बदलत नाही. आणि दुरुस्त केलेली सीएसव्ही पुन्हा आणली तर जुन्या नोंदी तशाच राहून शेजारी नव्या उभ्या राहतात, कारण सीएसव्हीच्या ओळीला ओळख क्रमांक नसतो. यावर उपाय आहे. गुगल शीट वापरणाऱ्यांना ॲप्स स्क्रिप्ट नावाची सोय २००९ पासून उपलब्ध आहे. तिच्यात एक छोटा प्रोग्रॅम लिहून प्रत्येक ओळीची नोंद तयार करता येते आणि त्या नोंदीचा ओळख क्रमांक त्याच ओळीतल्या एका जादा कॉलममध्ये परत लिहून ठेवता येतो. पुढच्या वेळी क्रमांक असलेल्या ओळीची नवी नोंद होत नाही, जुनीच दुरुस्त होते. पण हा उपाय चालतो तो एका अटीवर : मूळ कोणतं आणि प्रत कोणती हे ठरलेलं हवं. शीट मूळ असेल तर कॅलेंडरमध्ये थेट कोणी हात घालायचा नाही. बाकीच्यांना ते फक्त पाहण्यापुरतं शेअर करायचं. एकानं शीटमध्ये आणि दुसऱ्यानं फोनमध्ये तारीख बदलली तर दोन सत्यं तयार होतात, आणि त्यांतलं खरं कोणतं हे कोणतीही स्क्रिप्ट सांगू शकत नाही.

यावर आक्षेप येतील. पहिला असा की, एवढं करण्यापेक्षा हातानं टाइप केलेलं बरं. दहा-बारा तारखा असतील तर ते खरंच बरं. टाइप करताना प्रत्येक तारखेवर क्षणभर विचारही होतो. पण संख्या पन्नाशीच्या पुढे गेली आणि काम दर वर्षी करायचं असलं की दमलेले डोळे चुकतात, आणि त्या चुका कुठेही असू शकतात. यंत्राच्या चुकांना घडण असते. दिवस-महिन्याची अदलाबदल झाली तर ती बारा तारखेपर्यंतच्याच नोंदींत होणार, म्हणून कुठे तपासायचं हे आधीच कळतं. शीटमध्ये वाराचा एक कॉलम ठेवला आणि तो कॅलेंडरशी ताडून पाहिला तर अशा बहुतेक चुका काही मिनिटांत सापडतात. दुसरा आक्षेप असा की, शीट हवीच कशाला, थेट कॅलेंडरमध्येच लिहावं. पण कॅलेंडर असलेलं दाखवतं, नसलेलं दाखवत नाही. ऑक्टोबरचं एक रिटर्न लिहायचं राहिलं तर शीटमध्ये रिकामा सेल दिसतो. कॅलेंडरमध्ये तो दिवस मोकळा दिसतो आणि बरंच वाटतं. वर्षाचा आराखडा तपासायला शीट आणि दिवस गाठायला कॅलेंडर, अशी विभागणी म्हणूनच टिकते.

तिसरा आक्षेप आजचा आहे : कृत्रिम बुद्धिमत्तेला शीट द्यावी, ती क्षणात कॅलेंडरची फाइल किंवा स्क्रिप्ट लिहून देते. देते, आणि पुष्कळदा चांगली देते. मथळे लावणं, प्रोग्रॅम लिहिणं या कामांत तिची मदत जरूर घ्यावी. पण ०७/०६ म्हणजे जून की जुलै, लाल रंगाचा अर्थ काय, वीस ओळींची एक नोंद करायची की वीस, हे तिला कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही. ती अंदाज बांधते, आणि तिचा अंदाज इतका सफाईदार असतो की तपासावंसं वाटत नाही. जिथे चूक आवाज न करता शिरते तिथे सफाई हा गुण नसून धोका आहे. शिवाय अशा साधनाला किंवा शेअर केलेल्या कॅलेंडरला फाइल देण्याआधी क्लायंटचे पॅन क्रमांक, फोन नंबर आणि पासवर्ड असलेले कॉलम काढून टाकायला हवेत. रिमाइंडर वाजण्यासाठी त्यातलं काहीच लागत नाही.

तेव्हा वेळ घालवायचा तो इम्पोर्टच्या बटणापाशी नाही, त्याआधी शीटवर. प्रत्येक ओळीत पूर्ण तारीख, निःसंदिग्ध क्रमानं. रंगाऐवजी शब्द. ज्याची जबाबदारी त्याचं नाव. कॅलेंडरमध्ये कोणत्या ओळी जाणार याचा वेगळा कॉलम. मग नव्या कॅलेंडरमध्ये आधी दोनच ओळींची चाचणी, एक बारा तारखेच्या आतली आणि एक महिनाअखेरची. दोन्ही आपापल्या वारी दिसल्या की बाकीच्या. पहिल्या वर्षी यात एखादी दुपार जाईल आणि हातानं टाइप केलं असतं तर लवकर झालं असतं असं वाटेल. हिशेब दुसऱ्या वर्षापासून बदलतो. त्याच शीटमध्ये नव्या वर्षाच्या तारखा घातल्या की उरलेलं काम अर्ध्या तासाचं असतं, आणि मध्येच मुदत वाढली तर एक सेल बदलावा लागतो. ही सोय ज्या कार्यालयाला मिळते ते संगणकात फार तरबेज असतं असं नाही. कोणती तारीख खरी आणि ती कोणाची, एवढं त्यानं यंत्राकडे फाइल सोपवण्याआधी ठरवलेलं असतं.